भिंत पडली म्हणणारी बाई

लातूरच्या क्लासच्या गल्लीत त्या काळी खोलीखोलीत एक आई असायची. पोरगं अकरावीला आलं की शेत, सासू, नवरा सगळं गावाकडे सोडून ती इथे खोली करून राहायची आणि दोन वर्षं त्याचा डबा करायची. मी अँब्युलन्सवर डॉक्टर होते. या आयांवर माझा फार जीव होता आणि रागही तेवढाच. पोराला शिंक आली तरी धावणाऱ्या या बाया स्वतःचा ताप अंगावर काढायच्या.

त्या सकाळी फोन आला तो एका घरमालकिणीचा. गेले तर किल्लारीकडची एक बाई भिंतीला टेकून बसलेली. मुलगी क्लासला. आठवडाभर लघवीला जळजळ, वर थंडीताप. पण परीक्षा तोंडावर, म्हणून मुलीला पत्ता लागू दिला नव्हता. ओट्यावर डबा रिकामाच होता.

"ताप उतरला जी तिचा," मालकीणबाई म्हणाल्या. "हात गार हायेत बघा. पण पहाटेपासून नुसतं भिंत पडली, भिंत पडली करायलीय. भूकंपातली हाय ना. आठवलं असंल बिचारीला. म्हणलं, बोलू द्यावं."

त्यांना नावं ठेववत नाहीत. मीही भूकंपानंतरच्या पत्र्याच्या शेडमध्ये वाढले. आमच्यात कुणी तापात भिंतीचं बोलायला लागलं की बाकीचे गप्प होतात, पाठीवरून हात फिरवतात. मीही सवयीने तिचा हात हातात घेतला.

हात गार होता आणि घामाने चिकट. मनगटात नाडी जेमतेम लागत होती. बसल्या जागी तिला धाप लागली होती.

"ताई, मुलगी कुठाय तुमची?" मी विचारलं.

ती माझ्याकडे बघत राहिली. "मला कुठली पोरगी? मी माझ्या मायला हुडकायले."

जिच्यासाठी ही बाई या खोलीत राहत होती, तीच तिच्या ध्यानात नव्हती. हे जुनं दुःख नव्हतं. लघवीतला संसर्ग अंगभर भिनला होता, आणि उतरला होता तो ताप नव्हे, रक्तदाब. सेप्सिस.

गाडीत घेतलं, ऑक्सिजन लावला, दोन्ही हातांना सलाईन सोडलं. हॉस्पिटलला फोन करून सांगितलं, "सेप्सिस वाटतोय, अँटिबायोटिक दारातच तयार ठेवा." पलीकडचा केसपेपरचं विचारायला लागला तशी त्याच्यावर खेकसले. सोबत गाडीत बसलेल्या मालकीणबाई तिचे तळपाय चोळत मुलीचं नाव घेत होत्या, पुन्हा पुन्हा, म्हणजे तिला आठवेल. मीही त्यांच्याबरोबर घ्यायला लागले.

हॉस्पिटल जवळ आलं तसे तिने डोळे उघडले. आधी सलाईनकडे पाहिलं, मग मालकीणबाईंकडे. ओठ हलले. मी कान जवळ नेला.

"तिचा डबा?"

ही परत आली, एवढंच माझ्या मनात आलं.

"मघाशीच दिला की गं," मालकीणबाई म्हणाल्या.

तिने माझ्याकडे पाहिलं. मीही मान हलवली.