गाडीला प्लास्टर

हसायचं नाही, असं आधी कबूल करा. कबूल करूनही तुम्ही हसणारच, मला माहितेय. पण निदान चहा निवेपर्यंत तरी दम धरा. कारण मी जो घोटाळा करून ठेवला, तो नुसत्या मूर्खपणाने होत नाही. त्याला बी.एस्सी. व्हावं लागतं!

आमचे बाबा भोरला डॉक्टर. दर बुधवारी आपली जुनी मोटार काढून हिर्डोशीला जायचे आणि रस्त्याकडेच्या आंब्याखाली पेशंट तपासायचे. एसटी दिवसातून एकदा, तीही तिच्या मनात आलं तर. त्यामुळे वरच्या वाड्यांना औषध म्हणजे बाबांचा बुधवार. त्यांचा कंपाउंडर काम सोडून गेला आणि पुण्याच्या होस्टेलवरून नुकतीच परतलेली मी त्याच्या जागी उभी राहिले.

आणि ती गाडी! सायलेन्सर गंजून त्याची पार चाळण झालेली. चढ लागला की तोफखाना सुरू! त्यात मी जन्माची घाबरट. मांजराने जांभई दिली तरी किंचाळणारी. पहिल्याच बुधवारी बाबांनी आंब्याखाली गाडी बंद केली, जाता जाता तिने शेवटचा बार उडवला, आणि माझ्या हातातली तांबड्या औषधाची अख्खी बाटली वाडीतून नुकत्याच खाली पोचलेल्या सोनाआजीच्या लुगड्यावर!

"आगं बाय, रंगपंचमी हाय व्हय आज?" आजी म्हणाली. सगळे हसले. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं.

घरी येऊन मी जाहीर केलं, "बाबा, हा सायलेन्सर दुरुस्त झालाच पाहिजे."

"दिवाळीला बघू," बाबा म्हणाले. बंद पडलेला हॉर्नही दिवाळीलाच बघायचा होता. मागच्या दिवाळीपासून.

मी भोरच्या हुसेनमिस्त्रींना गाठलं. नवी नळी परवडणार नव्हती. मिस्त्रींनी रॉकेलचा डबा कापून पत्रा नळीभोवती गुंडाळला, तारेने आवळला आणि म्हणाले, "ताई, वरनं काय तरी लिंपाय पायजे. न्हाईतर फटीतनं धूर येनार."

आणि माझं रसायनशास्त्र जागं झालं! बाबांच्या पेटीत प्लास्टरच्या चार गुंडाळ्या होत्या. भिजवल्या, गुंडाळल्या, वाळवल्या. पाय मोडलेला पेशंट झोपवावा तशी गाडी दिसायला लागली. पण चालू केली तर काय! मांजर परवडलं, इतकी गुपचूप.

"शकू, तुझं शिक्षण वसूल झालं!" बाबा खूश.

पुढच्या बुधवारी आम्ही हिर्डोशीला पोचलो. आंब्याखाली चिटपाखरू नाही.

तासभर बसलो. कुणी आलं नाही. लुगडं! गावाने लुगडं मनावर घेतलं! डॉक्टरांच्या पोरीने म्हातारीचं लुगडं नासवलं आणि साधी माफीसुद्धा मागितली नाही, म्हणून वाळीत टाकलंय आम्हाला! बाबांना सांगायची हिंमत होईना. ते आपले शांतपणे म्हणाले, "माझ्या औषधाला गुण राहिला नाही बहुतेक."

त्याच्या पुढच्या बुधवारीही तेच. रिकामा आंबा. बाबांनी पेटी उघडलीसुद्धा नाही. "आज शेवटचं. उगाच पेट्रोल जाळायचं कशाला?"

आता सांगा, मी गप्प बसू शकत होते का? आईचं एक बरंसं लुगडं मी मुद्दाम पिशवीत घालून आणलं होतं. "आलेच," म्हटलं आणि माफी मागायला एकटीच वाडीची वाट चढायला लागले. आजीपुढे काय बोलायचं ते पाठ करत होते, तेवढ्यात बांधावरून एक सरडा टपकन माझ्या पिशवीवर पडला.

मी किंचाळले. अशी किंचाळले म्हणता! समोरच्या डोंगरातून मीच मला परत ऐकू आले.

घराघरातून माणसं धावत बाहेर. पुढे सोनाआजी. "कोन पडलं? काय चावलं?"

मी रडत तिच्या हातात लुगडं कोंबलं. "आजी, चुकलं माझं! पण माझा राग बाबांवर काढू नका हो!"

"कसला राग? दोन बुधवार आमी कान लावून बसलोय! डाक्टर हाईत कुठं?"

"खाली, आंब्याखाली."

"आन् गाडी वाजली कशी न्हाई? वळनावर गाडी वाजली की मंग आमी खाली उतरतो. आदीपासनं हुबं ऱ्हायाचं, तर शेताची कामं कुनी करायची?"

म्हणजे गावाचा भोंगा मीच बंद केला होता!

मग काय, सगळी वाडी खाली उतरली. बाबांचा चेहरा असा उजळला की मला पुन्हा रडू आलं. सगळ्यात पुढे गणपतआबा, काल हिरड्याच्या झाडावरून पडून मनगट मोडलेले.

"शकू, प्लास्टर काढ."

मी नुसती कापसाची पुडी पुढे केली.

"अगं, चार गुंडाळ्या होत्या ना?"

"बाबा… गाडीला आहेत."

आबांनी कण्हत कण्हत गाडीखाली वाकून पाहिलं. "डाक्टर, तिचं मोडल्यालं बरं जालं असंल तर सोडवून मला बांदा की!"

शेवटी बांबूच्या कामट्या बांधल्या आणि आबांना गाडीतूनच भोरला नेलं. वाटेत ते शंभरदा म्हणाले, "गाडी मातर लई गुमान चालती, ताई." हात दुखत असताना टोमणे मारायला माणसाला बळ कुठून येतं, कुणास ठाऊक!

प्लास्टर आठवड्याभरात भुगा होऊन गळालं, पण मिस्त्रींचा पत्रा काही हलेना. गाडी गप्प ती गप्पच. आता वाड्यांना कळणार कसं?

"पुन्हा भोक पाडू का?" मी विचारलं.

"नको. वेगळी सोय झालीय," बाबा म्हणाले.

तेव्हापासून दर बुधवारी वळण आलं की बाबा गाडी हळू करतात आणि अगदी गंभीरपणे म्हणतात, "शकू, पायाशी पाल आहे गं."

दर बुधवारी ते खोटं बोलतात, हे मला पक्कं माहीत आहे. आणि दर बुधवारी तीन वाड्या खाली उतरतात.