डांगराचं वावर

सुभद्राबाईला गुजराती येतं, हे मत फक्त सुभद्राबाईचं होतं. दहा वर्षं सुरतेत काढली की भाषा आपोआप अंगात मुरते, असा तिचा समज. किराणावाल्याकडे ती "चोखा आपो" म्हणून तांदूळ मागायची, रिक्षावाल्याला "बस, बस, अहीं" म्हणून थांबवायची, आणि समोरचा दोन वाक्यांच्या वर बोलला की मान हलवून "हा, हा" म्हणायची. तेवढ्यावर तिचं सगळं निभत होतं. मान हलवणाऱ्या बाईला कुणी अडाणी म्हणत नाही, हे तिनं केव्हाच ओळखलं होतं.

ती मूळची पारोळ्याकडची. नवरा हिलाल लूमच्या कारखान्यात कामाला, आणि एक मुलगी, नूतन. कोसाडजवळच्या झोपड्यांत ही तीन माणसं राहायची आणि तापीच्या काठाला गाळपेर करायची. हिलाल पाळी संपवून आला की दोघं नवरा-बायको वांग्यांत आणि गिलक्यांत शिरत. सुरतेत येऊन लोक पैसा करतात, यांनी भाजी केली, असं शेजारणी हसून म्हणायच्या आणि संध्याकाळी तीच भाजी मागायला यायच्या.

अठ्ठ्याण्णवच्या सप्टेंबरात वरच्या धरणातून पाणी सोडलं आणि तापी घरात आली. गाळपेर तर गेलंच, झोपडीचे पत्रेही गेले. हिलाल तीन दिवस छातीभर पाण्यात उभा राहून लोकांची भांडीकुंडी काढत होता. लूमच्या धुळीनं त्याची छाती आधीच पोखरलेली, त्यात हे. दवाखान्यातल्या डॉक्टरनं सरळ सांगितलं की पुन्हा कारखान्यात पाऊल टाकायचं नाही. पूर ओसरला, चिखल वाळला, हिलालचा खोकला मात्र राहिला.

नूतन तेव्हा नववीत होती, गुजराती शाळेत. तिच्या वयाच्या वस्तीतल्या सगळ्या मुली साड्यांचे धागे कापायला बसल्या होत्या. ही बसणार नाही, हे सुभद्राबाईनं ती पाळण्यात असल्यापासून ठरवलेलं. पण नवऱ्याची मजुरी बंद, आणि तिची स्वतःची धुण्याभांड्यांची कामं भाकरीपुरतीच. पोरीचं दहावीचं वर्ष निघायचं तर कुठंतरी पुन्हा वावर करायला पाहिजे होतं. वावर पिकलं तर पोर शाळेत, नाहीतर धागे कापायला. दुसरा रस्ता नव्हता.

कोसाड गावाच्या कडेला ठाकोरभाईंच्या जमिनीचा एक तुकडा पुरानंतर तसाच पडला होता. वर वीतभर गाळ, त्यावर वेडी बाभूळ माजलेली. ठाकोरभाई पटेल मोठे शेतकरी, चार ठिकाणी जमीन, या तुकड्याकडे बघायला त्यांना सवड नव्हती. होळी झाल्यावर सुभद्राबाईनं त्यांना जाऊन विचारायचं ठरवलं. शेजारची कमल म्हणाली, "नूतनले लई जाय संगे. तिले गुजराती वाचता बी येस."

"पोरनी शाळा कसाले बुडवानी?" सुभद्राबाई म्हणाली. "माले येस गुजराती."

ठाकोरभाई झोपाळ्यावर, त्यांच्या हिंचक्यावर, बसले होते. तिनं उंबऱ्याबाहेरूनच विचारलं, की तो तुकडा पडून आहे, आम्ही साफ करतो, भाजी लावू का. माणूस भला होता. त्यांनी हिंचका थांबवून सांगितलं, "करो ने बेन, जमीन पडी ज छे. पण वरसाद आवे एटले एमां डांगर ज थाय, हां."

सुभद्राबाई "हा, हा" म्हणाली आणि जवळजवळ धावतच घरी आली. हिलाल दारात बसला होता.

"काय सांगं त्यानी?"

"करा म्हने. पानी पडनं का डांगर लावा म्हने."

डांगर म्हणजे लाल भोपळा. खानदेशात त्याला दुसऱ्या नावानं कुणी ओळखत नाही. हिलाल पुरानंतर पहिल्यांदा हसला. "पटेलले डांगर आवडस वाटतं," तो म्हणाला.

मग तिघांनी त्या तुकड्यावर जे कष्ट उपसले, ते आठवलं तरी अंग दुखावं. बाभळीच्या मुळ्या खणून काढायच्या, गाळ घमेल्यानं कडेला न्यायचा, खाली काळी माती लागेपर्यंत. हिलाल दोन घमेली उचलायचा आणि खोकत बांधावर बसायचा. मग पुन्हा उठायचा. सुभद्राबाईनं त्याला बस म्हणून सांगून पाहिलं, पण घरी बसून खोकण्यापेक्षा इथं खोकलेलं बरं, असं त्याचं म्हणणं. नूतन शाळेतून आली की दप्तर बाभळीला अडकवून माती ओढायची. एका कोपऱ्यात घरापुरती गिलकी लावली. बाकी सगळं वावर डांगरासाठी राखलं. डांगर पितृपक्षात लागतं, आणि सुरतेतल्या गोडादऱ्याकडच्या आपल्या खानदेशी माणसांत पितरांच्या पानावर डांगराची भाजी नसली तर पितर उठून जातात. तेव्हा पीक निघणार बरोबर वेळेवर आणि घरं ठरलेली. सुभद्राबाईनं सगळा विचार केला होता. बियाणं तिनं माहेराहून मागवलं, भावानं येणाऱ्याच्या हाती रुमालात बांधून पाठवलं.

रोहिणीच्या शेवटी बी टोबून पेरलं. जुलै लागला तसे वेल सगळ्या वावरभर पसरले, पिवळी फुलं आली आणि फुलांच्या बुडाशी सुपारीएवढी फळं धरली. नूतन दहावीत गेली होती. सकाळी शाळेत जायच्या आधी ती वावरात फेरी मारून यायची. एकदा तिनं बोटानं एक फळ दाखवलं, तर सुभद्राबाईनं तिच्या हातावर चापट मारली. कोवळ्या डांगराला सरळ बोट दाखवलं की ते सडतं. दाखवायचंच तर बोट मुडपून दाखवावं. नूतन हसली, पण तेव्हापासून मुडपलेलं बोटच वापरू लागली.

मधे एकदा ठाकोरभाई मोटारसायकलवरून आले. बांधावर उभे राहून त्यांनी वेल पाहिले आणि भलं मोठं सरळ बोट फळांवर रोखून ते काहीतरी सांगू लागले. "वेळासर काढी लेजो, बेन," हे शेवटचं तेवढं तिला ऐकू आलं. तिचं सगळं लक्ष त्या बोटाकडे. हा माणूस एकेका फळाला बोट दाखवतोय आणि याला कसं सांगावं, या घोरात तिनं मान हलवली. वेळेवर काढून घ्या, एवढंच ना. काढणारच की. ते गेल्यावर तिनं त्या फळांवरून मीठ-मोहरी ओवाळून टाकली.

त्यानंतर चौथ्या की पाचव्या दिवशी सकाळी भाकरी थापताना तिला ट्रॅक्टरचा आवाज आला. ती उठली नाही. नूतन गणवेश घालून निघाली होती, तीच अर्ध्या रस्त्यातून पळत परत आली आणि म्हणाली, "माय, आपला वावरमा पानी सोडी दिन्हं."

वावरात घोटाभर कालव्याचं पाणी उभं होतं. वेल त्यावर तरंगत होते. एका बाजूनं ट्रॅक्टर चिखल करत येत होता आणि त्याच्या मागं सगळं काळं, एकसारखं झालं होतं. हिलाल ट्रॅक्टरपुढं जाऊन उभा राहिला. ड्रायव्हर शिव्या द्यायला लागला. सुभद्राबाई पाण्यात उतरून हाताला लागेल तो वेल छातीशी धरून ओढत होती. वेल मुळासकट येत होते.

ठाकोरभाई आले. चिडले नव्हते, उलट बुचकळ्यात पडले होते. ते म्हणाले, "में तो पहेलेथी ज कह्युं'तुं, वरसादमां डांगर करवानी छे. बेने हा पाडी'ती." मी आधीच सांगितलं होतं, बाई हो म्हणाली होती.

"अने आ शुं छे?" नूतन वेल दाखवत रडत म्हणाली. मग हे काय आहे?

"ए तो कोळुं छे."

नूतनचं रडणं थांबलं. गुजरातीत भोपळ्याला कोळुं म्हणतात आणि उभ्या भाताला डांगर, हे तिला चांगलं माहीत होतं. चार महिने तो शब्द घरात दिवसातून दहादा बोलला जात होता, आणि घरात तो आईच्या तोंडून येत असल्यामुळे तिच्या मनात एकदाही आलं नाही, की ठाकोरभाईंच्या तोंडून तो आला तेव्हा वेगळाच होता: पाऊस येईपर्यंत भाजी करा, मग इथं भातच होतो. सुभद्राबाईचं तर काय. किराणावाल्याकडचा तांदूळ तिला माहीत, चोखा. तो शेतात उभा असताना त्याला काय म्हणतात, हे कोरडवाहू मुलखातल्या बाईला कुणी सांगितलं नव्हतं, आणि तिनं विचारलं नव्हतं.

"माय," नूतन म्हणाली, "गुजरातीमा डांगर म्हंजे भात. तू माले कसाले नही इचारं?"

सुभद्राबाईनं हातातले वेल खाली सोडले. पुरात गेलं तेव्हा ती नदीला मनसोक्त शिव्या देऊ शकली होती. आता शिव्या कुणाला द्यायच्या? दैव देतं आणि कर्म नेतं म्हणतात, पण तिच्या बाबतीत तिच्या जिभेनंच नेलं होतं. तिला इतकी लाज वाटली की दुःख व्हायला जागाच उरली नाही. हिलालनं एखादी शिवी घातली असती, हात उगारला असता, तर तिला सोसलं असतं. तो फक्त म्हणाला, "चाल नूतननी माय, पाय थंडा व्हयी राह्यनात." आणि खोकत बांधावर चढला.

ठाकोरभाईंनी ट्रॅक्टर तासभर थांबवला. तेवढ्यात जी निघाली ती फळं मायलेकींनी गोणीत भरली. मुठीएवढी, हिरवी, बी न धरलेली. त्यांची भाजी कडवट लागली, तरी आठ दिवस तीच खाल्ली. जाताना ठाकोरभाई म्हणाले होते की भाताच्या रोपणीला माणसं हवीत, तुम्ही दोघं या. हिलालला पाण्यात उभं राहणं शक्य नव्हतं. सुभद्राबाई एकटीच गेली.

तिला ते काम जमेना. चिखलात वाकून मागं सरत रोपं खोचत जायचं, ओळ धरायची. जन्मभर कोरड्या मातीत वावरलेले पाय, चिखलात रुतले की निघत नसत. तिची ओळ वाकडी जायची आणि मुकादम तिला सगळ्यांदेखत बोलायचा. चौथ्या दिवशी तिच्या शेजारी कुणीतरी येऊन उभं राहिलं. तिनं मान वर केली तर नूतन. जुना परकर गुडघ्यापर्यंत खोचलेला, डोक्याला फडकं.

"शाळामा सांगी उनू," नूतन म्हणाली आणि रोपांची जुडी घेतली.

सुभद्राबाईला ओरडायचं होतं. पण कुठल्या तोंडानं ओरडणार? ती पुन्हा वाकली आणि कडेच्या नजरेनं पोरीकडे बघत राहिली. तिला वाटत होतं, पोरीला जमू नये. ओळ वाकडी जावी, रोपं उपटून तरंगावीत, मुकादमानं म्हणावं की ही काही कामाची नाही, हिला घरी पाठवा. आयुष्यात पहिल्यांदाच तिनं आपल्या मुलीचं वाईट चिंतलं. नूतनचा हात सरळ आणि भराभर चालत होता. वीत-वीत अंतर सोडून रोपं उभी राहत होती, आणि दुपारपर्यंत ती आईच्या कितीतरी मागं, म्हणजे कामात पुढं, सरकली होती.

दुपारी बांधावर भाकरी खाताना मुकादमानं नूतनला विचारलं, उद्यापासून रोज येशील का. ती हो म्हणाली. आईकडे तिनं बघितलंही नाही.