बिनसाखरेचं बरफातलं दही

आमच्या कोल्हापुरात पाहुण्याला 'नको' म्हणायचा हक्कच नाही. चहात साखर नको म्हणालं की समोरची बाई लगेच कपाळाला आठ्या घालते. "आमच्या घरचं चालत न्हाय व्हय?" मग शुगर आहे, डॉक्टरांनी बंद केलंय, सगळं सांगावं लागतं. ती सगळं ऐकून घेते, मान हलवते आणि पेढा ताटात ठेवतेच. "एकानं काय हुतंय?" ह्या एका वाक्यानं माझ्या आईचा जीव घेतला असता. तिला आम्ही अव्वा म्हणायचो. ती निपाणीकडची, आणि तिच्या माहेरी आईला अव्वाच म्हणतात.

नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हाची गोष्ट. अव्वाला शुगर निघून चार वर्षं झाली होती. जानेवारीत नवी कातडी चप्पल घेतली, ती डाव्या पायाच्या करंगळीला लागली. आमच्याकडं नवी चप्पल सगळ्यांनाच लागते. तेल लावतात, आठ दिवस लंगडतात आणि विसरून जातात. अव्वाची जखम मात्र महिना झाला तरी ओलीच राहिली. डॉक्टरांनी पाय हातात घेऊन नीट बघितला आणि स्पष्ट सांगितलं, "साखर खाली आली तर बोट राहील. नाही आली तर काढावं लागेल. आणि एकदा काढायला लागलं की तिथंच थांबेल असं मी सांगू शकत नाही."

मी घरी आले आणि कपाट रिकामं केलं. साखरेचा डबा शेजारी दिला. घरात अप्पा, अव्वा आणि मी, तिघांचा चहा बिनसाखरेचा. मी शाळेत शिक्षिका होते. पोरांवर ओरडायची सवय होती, ती घरीही चालायची. हळदीकुंकवाला आलेल्या एका काकूंनी अव्वाच्या हातावर बत्तासा ठेवला, तो मी त्यांच्या देखत उचलून परत त्यांच्या ताटात ठेवला. गल्लीत आठवडाभर माझाच विषय. होऊ दे म्हटलं.

अव्वानं कशाचीच तक्रार केली नाही. एकच मागितलं. तिला उन्हाळ्यात गार आणि गोड असं काहीतरी लागायचं. लग्न झाल्यापासून अप्पा तिला रंकाळ्यावर न्यायचे आणि आईस्क्रीम चारायचे. बायकोला घेऊन बाहेर जायचं ही अप्पांची वर्षातली तेवढीच एक हौस. "बाकी सगळं सोडतो बघ मी," अव्वा म्हणाली. आमच्याकडच्या बाया स्वतःबद्दल असंच पुरुषासारखं बोलतात. "पर एक वाटी गार कायतरी दे की."

शाळेतल्या एका बाईंनी मला मासिकातलं कात्रण आणून दिलं. दही टांगून पाणी काढायचं, त्यात आंबटगोड बारकी फळं कुस्करून घालायची आणि गोठवायचं. साखर अजिबात नाही. कात्रणातली फळं परदेशातली, त्यांची नावंसुद्धा मला धड वाचता येईनात. पण परसात तुतीचं झाड होतं आणि त्याची फळं नुकतीच काळी पडायला लागली होती. मी म्हटलं, आमची तुती काय कमी आहे?

मग सुरू झालं. रात्री म्हशीच्या दुधाचं दही मलमलीच्या फडक्यात बांधून नळाला टांगायचं. पहाटे उठून तो चक्का रवीनं घोटायचा. तुती धुवायची, देठं खुडायची, पुरणयंत्रातून काढायची. हात जांभळे व्हायचे आणि तसेच शाळेत जायचे. सगळं स्टीलच्या डब्यात भरून फ्रीजच्या वरच्या खणात. कात्रणात लिहिलं होतं, दर अर्ध्या तासानं काट्यानं ढवळा, नाहीतर दगड होईल. पण माझी शाळा सकाळची, सातला घर सोडायचं. अव्वाला पायावर उभं राहायची बंदी. उरले अप्पा.

अप्पांचा मार्केट यार्डात गुळाचा व्यापार. दहापर्यंत घरी असायचे. आयुष्यात त्यांनी स्वयंपाकघरातला तांब्यासुद्धा उचलून घेतला नव्हता. पाणी पाहिजे असलं तर बाहेरून हाक. मी त्यांना काटा दाखवला, डबा दाखवला, घड्याळ दाखवलं. "आता ह्ये बी करायचं?" म्हणाले. "करायचं," मी म्हणाले. "बोट जायला लागलंय तिचं." अप्पांनी काटा हातात घेतला.

पहिले पंधरा दिवस दगडच झाला. ढवळून, हलवून, काहीही करून दुपारी डबा काढला की चमचा वाकायचा. मी सुरी घालून खपल्या काढायची. अप्पा म्हणायचे, "ह्ये बरफातलं दही खायाला कुऱ्हाड लागंल." अव्वा खपली तोंडात घ्यायची, एक डोळा बारीक करायची, अर्धी वाटी खाऊन "पोट भरलं" म्हणायची. मला राग यायचा. पहाटे पाचला उठून मरमर करायची, आणि ही बाई तोंड वाकडं करते! "तुझ्यासाठीच करते ना मी हे? मग नीट खा की," मी ओरडायची. ती उरलेलं मुकाट्यानं संपवायची.

मार्चच्या शेवटी एक दिवस मी शाळेतून आले, डबा काढला, चमचा घातला आणि तो लोण्यात जावा तसा आत गेला. मऊ! एक गुठळी नाही, बर्फाचा कण नाही. चाखून बघितलं, तर चवही सुधारलेली. मला वाटलं, तुती पिकत चालली तशी गोडी उतरली. आणि ढवळणाऱ्याच्या हाताला गुण आला. मी स्वतः अप्पांना म्हणाले, "जमलं की तुम्हाला." अप्पा मिशीतल्या मिशीत हसले. अव्वानं अख्खी वाटी खाल्ली, चमचा चाटला.

मी काय मिरवलं म्हणता! स्टाफरूममध्ये कृती सांगितली. दही कसं घट्ट टांगावं, ढवळणं कसं महत्त्वाचं, साखरेशिवाय गोड कसं लागतं, सगळं फळ्यावर शिकवल्यासारखं. त्या मूर्खपणाचा विचार आला की आजही माझं मलाच थोबाडीत मारून घ्यावंसं वाटतं.

कारण तिकडं अव्वाची शुगर वाढत होती. एप्रिलच्या मध्याला रिपोर्ट घेऊन गेलो, तर डॉक्टर माझ्यावरच खेकसले. "कोण खायला घालतंय ह्यांना?" करंगळीचं टोक काळं पडलं होतं. वासही यायला लागला होता. मी शपथेवर सांगितलं, घरात साखरेचा दाणा नाही. ते म्हणाले, "मग बाहेर खातात. शोधा."

मी घर पालथं घातलं. उश्या, गाद्या, देव्हाऱ्यामागं, धान्याच्या डब्यात हात घालून बघितलं. काही नाही. शेजारच्या काकूंवर संशय घेतला. शेवटी त्या दिवशी आत्या, अप्पांची थोरली बहीण, बघायला आली होती, तिच्या देखत मी अव्वाच्या अंगावर गेले. "चोरून खातेस ना? लाज नाही वाटत? मी इथं जांभळे हात घेऊन मरते आणि तू जिभेपायी बोट घालवतेस! उद्या पाय घालव. मग परवा मला बसव उशाशी." आत्यानं तोंडाला पदर लावला. अप्पा दारात उभे होते, ते आत गेले. अव्वा माझ्याकडं बघत होती. मग हळूच म्हणाली, "खाल्लं असंल मी."

कबूल केलं की नाही तिनं! माझा विजय झाला. आठवडाभर मी तिच्याशी धड बोलले नाही.

मेच्या सुरुवातीला शाळेला सुट्टी लागणार होती. शेवटच्या दिवशी शाळेतल्या बायकांना चाखायला न्यायचं म्हणून मी दुप्पट चक्का केला. आमच्या फ्रीजात दोन डबे मावेनात. दुसरा शेजारच्या काकूंकडं ठेवला. 'अर्ध्या तासानं ढवळा' असं त्यांनाही सांगितलं, आणि काकू घड्याळाच्या पक्क्या. बायकांचं जमणं दुपारी होतं, म्हणून साडेअकराला मी शाळेतून डबे घ्यायला आले. आधी काकूंकडचा उघडला. दगड. चमचा टण्णकन वाजला. "ढवळलं की मी, देवाशप्पत," काकू म्हणाल्या, "हात दुखाया लागला माझा." आमचा डबा उघडला, तर मऊ.

एकच दही. एकच तुती. एकाच रवीनं, एकाच पातेल्यात घोटलेलं. मी दोन्ही डबे ओट्यावर शेजारी शेजारी ठेवले आणि एकेक चमचा तोंडात घातला. काकूंकडचं आंबट, जीभ आखडणारं. आमचं गोड. मी चमच्यानं तळ खरवडला. जांभळ्यात एक तांबूस रेघ निघाली. वास घेतला. गुळाच्या व्यापाऱ्याच्या पोरीला तो वास ओळखू येणार नाही?

काकवी. गूळ व्हायच्या आधीचा पातळ पाक. पाक पडला की दही गोठून दगड होत नाही. गुऱ्हाळवाले अप्पांना बाटल्या भरून द्यायचे. अप्पांच्या कपाटात, वह्यांच्या मागं, ती बाटली होती. अर्धी झालेली.

अप्पा जेवायला घरी आले तेव्हा ती बाटली मी त्यांच्या ताटाशेजारी ठेवली होती. त्यांनी बघितलं आणि पाटावर बसले. जरासुद्धा दचकले नाहीत.

"तिला ग्वाड लागत न्हवतं. तोंड वाकडं करायची. चार चमचं घालतो, लई न्हाय."

"अप्पा, साखर बंद आहे तिची!"

"साखर कुठं घातली मी? डॉक्टरनं साखर बंद सांगितलीया. गुळाचं नाव काढलं का त्यानं? काकवीत लोखंड असतंय. रगत वाढतंय. बोट भरून येईल म्हणून तर..." त्यांचा आवाज बसला. माझ्या तोंडाकडं बघून बसला.

चाळीस वर्षं गूळ विकलेला माणूस. ढेप नखानं खरवडून ती कुठल्या गावची ते सांगणारा. आणि त्याला हे माहीत नाही! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "विचारायचं तरी होतं मला! तोंड होतं ना?" मी किंचाळले.

"तुला?" अप्पा म्हणाले. "तुला कोण इचारणार? तू वरडतीस."

आतल्या खोलीतून अव्वानं हाक मारली. मी तणतणत आत गेले. ती पाय उशीवर ठेवून पडली होती. मी विचारलं, "तुला माहीत होतं?"

"व्हय. समोर तर घालायचे."

"मग बोलली का नाहीस? आत्यासमोर मी एवढं बोलले, तेव्हा तरी?"

अव्वा पायाकडं बघत राहिली. "तीस वरसांत पयल्यांदा त्यांनी माझ्यासाठी भांड्याला हात लावला गं. चमचा धुऊन ठेवायचे. तुझ्याम्होरं नाव घेतलं असतं, तर त्यांना आयुष्यभर खाल्लं असतंस तू. माझ्यावर वरडलीस, ते निभतंय. मला सवय हाय."

दोन शहाणी माणसं! एकाला कळत नाही आणि एकीला कळून वळत नाही, आणि तिसरी मी, पहाटे उठून त्या विषात तुती घोटणारी. मला तिघांचाही इतका राग आला की मी परसात जाऊन तुतीच्या खोडावर लाथ मारली. माझ्याच बोटाला लागलं.

करंगळी गेली. शेजारचं बोटही काढावं लागलं. पाय वाचला, एवढंच. ऑपरेशन चाललं होतं तेव्हा बाकावर बसून अप्पांनी मला एकदाच विचारलं, "गुळात येवढी साखर असती?" मी म्हणाले, "असते." त्या दिवसापासून त्यांनी गूळ विकला, पण स्वतःच्या तोंडात खडा टाकला नाही.

अव्वा घरी आली तोवर तुती संपली होती. बाजारात करवंदं आली होती. ती आणून, बिया काढून, मी चक्क्यात घातली आणि काटा अप्पांच्या हातात दिला. दुपारी डबा दगड झालेला. अप्पा अव्वाच्या खाटेजवळ जमिनीवर बसले आणि चमच्याच्या कडेनं तो दगड खरवडायला लागले. पाऊण तास. वाटीत जांभळा भुगा जमला, तो त्यांनी तिच्यापुढं धरला. तिनं चमचा तोंडात घातला आणि एक डोळा बारीक केला.

"आंबट हाय?" अप्पांनी विचारलं.

"न्हाय. ग्वाड हाय."

मी दारात उभी होते. आत्यासमोर जे बोलले होते त्याबद्दल तिच्याशी बोलायचं, असं दवाखान्यात रोज ठरवत होते. त्या क्षणी तोंड उघडलं आणि बाहेर काय पडलं? "परत खोटं बोलतेस!"

अप्पांचा हात थांबला. अव्वानं मात्र मला जवळ बोलावलं, वाटी पुढं केली. "मग तूच बघ की."

मी तिच्या पायाशी बसले, जिथं आता दोन बोटं कमी होती. चमचा तोंडात घातला. दातापासून कानापर्यंत आंबट. करवंदाचा चीक घशाला लागला. अप्पा माझ्याकडं बघत होते, आणि अव्वाही.

"गोड आहे," मी म्हणाले.