व्हॅनमधली गादी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — ती नंतर आयुष्यात आली. तुम्हाला सांगतोय; का, ते विचारू नका.

धुळ्यात मी शाळेच्या मुलांची व्हॅन चालवायचो. शाळेने स्वतःची बस घेतली, माझं काम गेलं, पाठोपाठ खोलीही गेली. असोद्याला वडील होते, घर होतं. पण भांडून बाहेर पडलेला माणूस कोणत्या तोंडाने परत जातो? मी व्हॅनची मागची सीट काढली, गादी टाकली आणि तिथेच राहू लागलो.

गाडीत राहायचं तर जागा हेरावी लागते. रस्त्यावर रोज उभी असलेली गाडी लोकांच्या डोळ्यांवर येते. दवाखान्याच्या आवारात मात्र पेशंटचे नातेवाईक गाडीतच झोपतात, नळावर अंघोळ करतात. दिवे असतात, माणसांची जाग असते. फक्त आत एक पेशंट लागतो. वॉचमनला सांगताना मी वडिलांना आयसीयूत घातलं — अर्धांगवायू. ते तेव्हा असोद्यात केळीला पाणी भरत असतील.

शेजारच्या झाडाखाली भडगावची एक अक्का मुक्कामाला होती. तिचा नवरा खरोखर आत होता. तीन आठवडे तिने मला आपल्यातली अर्धी भाकरी दिली. रोज विचारायची, “तुना बाप कसा शे, भाऊ?” मी काहीबाही सांगायचो. कधी बोटं हलली, कधी ताप चढला. खोटं बोलताना जड गेलं का? — पहिले दोन दिवस. मग सवय झाली. एका सोमवारी तिने माझ्या वडिलांसाठीही उपास धरला. मी नको म्हणालो नाही.

एके दिवशी सकाळीच डॉक्टरांनी तिला सांगितलं, आता घरी घेऊन जा. त्याचा अर्थ तिला कळला, मलाही कळला. नवऱ्याचा एकच धोशा होता, घरच्या ओट्यावर न्या. ती व्हॅनपाशी आली. “भाऊ, आम्हले भडगावले सोडी दे. त्यासले बसता येत नही.”

गादी अंथरलेलीच होती. टाकीत पेट्रोल होतं. भडगाव म्हणजे दोनेक तासांचा रस्ता. पण एकदा बाहेर पडलेली गाडी वॉचमन परत आत घेईल का? आणि बाप अत्यवस्थ असताना गावोगाव फिरणारा मुलगा — कोण विश्वास ठेवणार? मी म्हणालो, “अक्का, आज त्यांचं ऑपरेशन आहे.”

तिने लगेच माझ्या डोक्यावर हात ठेवला. “मंग तू बापजोडे ऱ्हाय. आम्हनं काय, यष्टी शे.”

खरं सांगू? — मला हायसं वाटलं.

दोघा जणांनी त्याला उचलून रिक्षात बसवलं. मान कलंडत होती, ती तिने आपल्या खांद्याने अडवून धरली. मी व्हॅनच्या सावलीत उभा होतो. उरलेल्या भाकरी तिने फडक्यासकट मला दिल्या. दुपारी मी त्या खाल्ल्या.

तो ओट्यापर्यंत पोचला का, मला माहीत नाही. भडगावला पुढे कितीदा तरी भाडं घेऊन गेलो. कुणाला विचारलं नाही — विचारता आलं नसतं असंही नाही.

रिक्षा सुटायच्या आधी तिने माझ्या वडिलांचं नाव विचारून घेतलं, देवापुढे घ्यायला. ते मात्र मी खरं सांगितलं. वडील अजून ठणठणीत आहेत, रोज बागेत जातात.