बुटाची टाच

थेंबकाका रोज एक्केचाळीस पावलं चालत. वाळवंटातल्या हवामान केंद्राच्या खोलीपासून पर्जन्यमापकापर्यंत, सव्वीस वर्षं, त्याच एक्केचाळीस ठशांत पाय देऊन. घरीसुद्धा ते फरशीच्या रेषा सांभाळत चालत, तेव्हा काकू वैतागायच्या, "अहो, स्वयंपाकघर आहे हे, तुमचं वाळवंट नाही!"

याला कारण होता नोकरीचा पहिला दिवस. त्या दिवशी काका वाट सोडून ऐटीत आडवे निघाले. बुटाखाली काळपट, खडबडीत जमीन पापडासारखी मोडली आणि खोलीतून पाऊस मोजणारे जुने मोजणीदार ओरडत धावत आले.

"ती नुसती माती नाही, जिवंत कातडी आहे! शेवाळ, बुरशी, डोळ्यांना न दिसणारे जीव, सगळे मिळून वाळू धरून ठेवतात, झुडपांना खाऊ घालतात. ती फुटली की वारा जमीनच उचलून नेतो. कित्येक वर्षांच्या कामाचं वाटोळं केलंत चार पावलांत!"

काकांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेव्हापासून त्यांना एकच ध्यास लागला, ती जखम भरतेय का? त्या दिवशीचे बाकीचे ठसे वाऱ्याने खाल्ले, पण सतराव्या पावलाशेजारच्या झुडपाआड एक टिकला असणार होता. वाट सोडायची नाही आणि काका पडले बुटके, त्यांना तो दिसेना. एकदा काठीला आरसा बांधून पाहिला, तर त्यात स्वतःचंच तोंड दिसलं.

आज त्यांचा नोकरीचा शेवटचा दिवस. त्यांच्या जागी आलेली मोजणीवाली ताडमाड उंच. दारातून वाकून यायची. काकांच्या ठशांत तुरुतुरु चालण्याचा तिचा आठवडाभराचा सराव बघून काका हसून बेजार झाले होते.

आणि दुपारी पाऊस आला! तब्बल सात महिन्यांनी! तो थांबताच दोघं धावत निघाले, म्हणजे इवल्या पावलांनी जेवढं धावता येईल तेवढं. बघता बघता जमिनीने रंग बदलला. पाणी पिऊन आतले जीव जागे होऊन वर सरकत होते.

"काका, हिरवं होतंय! अहो, खरंच हिरवं!" तिने आनंदाने भलतीकडेच पाय टाकला.

"खबरदार!"

ती बगळ्यासारखी एका पायावर थिजली. मग हसू दाबत तिने पाय ठशात आणला.

सतरावं पाऊल आलं. आज नाही कळलं तर कधीच कळणार नव्हतं.

"मी झुडपावरून वाकते. तुम्ही माझा पट्टा घट्ट धरा," ती म्हणाली.

चवड्यांवर उभी राहून ती पुढे झुकली. मागच्या ठशातून काकांनी दोन्ही हातांनी पट्टा धरला आणि अंगाचा सगळा भार मागे टाकला.

"दिसतंय का?"

"थांबा... दिसला ठसा!"

"मग? बोल की गं, जीव जाईल माझा!"

"टाच हिरवी आहे, काका! अख्खी टाच!"

"आणि चवडा?"

"चवडा अजून उघडाच आहे."

काका हसत होते आणि डोळे घळाघळा वाहत होते. पुसायला हात मोकळा नव्हता.

"काका, पट्टा!"

"धरलाय, धरलाय." त्यांनी तिला हळूच मागे ओढून घेतलं. "टाच माझ्या नोकरीत भरली. चवड्याचं आता तू बघ."