बंद दाराआडचा श्वास

नवरा घरात असून नसल्यासारखा झाला, तर बाईनं कोणाला सांगावं? माणूस दारू पीत नाही, हात उगारत नाही, उलट ध्यान करतो. लोक म्हणणार, नशीबवान आहेस बाई. विपश्यनेच्या शिबिराला आम्ही दोघं जोडीनंच गेलो होतो. मी परत आले ती होती तशीच बडबडी. हे मात्र तिथलं मौन घरी घेऊन आले. जन्मभर शाळेत मास्तरकी केलेला माणूस, धरलं ते सोडणार नाही. आमच्या अकोल्याच्या घरातली मागची खोली त्यांनी ध्यानाला घेतली, पलंगही तिकडेच नेला. मी समोर बसले तरी नजर माझ्या आरपार जायची. खोटं काहून सांगू, अंगावर काटा यायचा.

एकदा न राहवून विचारलं, "काहो, मी इतकी परकी काहून झाले?"

"परकी नाही. आसक्ती सोडून राहिलो. सारं अनित्य आहे."

"अनित्य तर मीबी आहे. मग हाये तवरक पाहून घ्या ना मले!"

हसले नाहीत. पावसाळा झाला की विपश्यनेच्या केंद्रावरच कायमचा राहायला जातो, एवढंच म्हणाले.  ध्यानाच्या शेवटी सगळ्या जिवांचं भलं चिंततात, ती मंगल मैत्री मला त्या दिवसापासून जमेना. साऱ्या जगासाठी ओठ हलत, यांच्यापाशी येऊन थांबत.

मे महिन्यातली भर दुपार होती. त्या वेळी आमच्याकडे रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही. हे अधिष्ठानाला बसले होते, म्हणजे वेळ संपेपर्यंत हात, पाय, डोळे हलवायचे नाहीत असा निश्चय करून. काहीही झालं तरी दार वाजवायचं नाही, ही ताकीद. तेवढ्यात लाईट गेली. कूलरची घरघर थांबली आणि घर असं गप्प झालं, की माझ्याच बांगड्यांचं मला भ्या वाटलं. मागच्या खोलीवर टिनाचं छप्पर, खिडकी बंद. हाक मारावीशी वाटली. पण त्यांचा नेम कसा मोडू? ओसरीत बसून राहिले.

मान वर केली तर समोर एक बाई उभी. फाटक वाजलं नव्हतं. पांढरट लुगडं, माझ्याच वयाची, कपाळावर घामाचा थेंब नाही.

"या ना माय, पाणी घ्या," म्हणत मी पेला पुढे केला. तिनं तो घेतला नाही. मागच्या खोलीकडे पाहत राहिली.

"आत कोण हाये?"

"मालक हायेत. ध्यानाले बसले."

"मंग तू भाईर काहून? जाय त्याच्यापाशी. त्याचा श्वास चुकून राहिला."

दूध उतू जाऊन राहिलं, असं सांगावं तितक्या सहज बोलली. मी पेला खाली ठेवला आणि दार ढकललं. हे ताठ बसलेले, डोळे अर्धे उघडे, अंग कोरडं ठाक आणि तव्यासारखं तापलेलं. हाकेला ओ नाही. ओरडून शेजाऱ्यांना बोलावलं, माठातलं पाणी डोक्यावर ओतलं, छातीवर हात ठेवून म्हणत राहिले, "श्वास घ्या... सोडा... घ्या..." शेजाऱ्यांच्या गाडीतून दवाखान्यात नेताना पाहिलं, ओसरी रिकामी होती. पेला काठोकाठ भरलेला. शेजाऱ्यांनी कोणाला येताना-जाताना पाहिलं नव्हतं.

ऊन लागलं होतं. संध्याकाळी शुद्ध आल्यावर यांनी माझा हात धरला.

"तू कवाची आत येऊन बसली होती ना? माझा श्वास सुटून राहिला होता. बाजूले बाईचा श्वास ऐकू येत होता, एकदम शांत. त्याच्यामागं मी माझा ओढत गेलो. दार तर लय उशिरा उघडलं."

मी तर ओसरीत होते. घडलं ते सगळं सांगितलं. हे माझा हात घट्ट धरूनच म्हणाले, "मी आसक्ती सोडली नाही गं. तुले सोडलं होतं. आता कुठी नाही जात."

दवाखान्यातल्या त्या खाटेपाशी माझी मंगल मैत्री आपोआप सुरू झाली, ती यांच्यापासूनच.

आता आम्ही दोघं ओसरीत, गुडघ्याला गुडघा लावून बसतो. डोळे मिटले की आमचे श्वास आधी मागेपुढे होतात, मग एकाच चालीनं चालू लागतात. आणि एखाद्या दुपारी, अगदी शेजारी, तिसरा श्वास येतो. पहिल्यांदा हातपाय गार पडले होते माझे. आता मी डोळे उघडून पाहत नाही. कोण, कुठली, विचारत नाही. जिनं माझा माणूस मला परत दिला, तिला ओळख कसली मागायची? मी हात जोडते आणि बसून राहते.