हुपरीच्या बाईचा अंगठा

माझा थोरला मुलगा एड्सनं गेला आणि मी ते गल्लीत कुणापासून लपवलं नाही. एवढ्याच लायकीवर दवाखान्यातल्या संशोधनवाल्यांनी मला त्यांच्या सल्लागार समितीत घेतलं. दोन हजार सालानंतरची गोष्ट. बाकी सगळे पदवीवाले, मी चौथी पास. बैठकीत डॉक्टरीणबाई विचारायच्या, "मावशी, तुमचं मत?" पहिले काही महिने चहात साखर कमी आहे, एवढंच माझं मत होतं.

एड्सवरच्या गोळ्या दवाखान्यात फुकट मिळायच्या. संशोधन वेगळं. गोळ्या घेणाऱ्या बायकांचं रक्त वरचेवर तपासायचं आणि लिहून ठेवायचं. त्यासाठी सहा पानांचं संमतीपत्र, खाली सही नाहीतर अंगठा.

हुपरीची एक तरुण विधवा गोळ्या न्यायला यायची. घरी चांदीच्या पैंजणाच्या कड्या जोडायची. एके दिवशी तिच्यापुढं तो कागद आणि शाईचं पॅड ठेवलं, तशी ती उठून थेट स्टँडवर गेली. पुढच्या महिन्यात गोळ्यांनाही आली नाही. गोळ्यांवाचून माणूस कसा जातो, ते माझ्या घरानं बघितलं होतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सुईला भ्याली असेल. मला पटलं नाही. रोज तापल्या चांदीनं बोटं भाजून घेणारी बाई सुईला कशाला भिईल?

तिचं घर तिनंच मला सांगून ठेवलं होतं. नातीला पैंजण बघायचे, असं निमित्त काढून मी एसटीनं गेले. सासूनं चार नमुने दाखवले, भाव चढा सांगितला आणि चहा ठेवायला आत गेली. तेवढ्यात कड्या जोडत बसलेली ती कामावरची नजर न काढता हळू आवाजात म्हणाली, "मावशी, मालक गेल्यावर दिरानं रेशनकार्डाचं हाय म्हणून आंगठा घेतला. निघालं हक्कसोड. ह्या घरात आता माझं काय न्हाय. म्हायेरचा तुकडा तेवढा ऱ्हायलाय, त्यो बी दवाखान्याला देऊ व्हय?"

मी हसले नाही. भावांच्या हक्कसोडीवर मीही न वाचता सही केली होती, आणि मला तर वाचता येत होतं.

पुढच्या बैठकीत मी तिचं नाव-गाव न काढता सांगितलं. एक साहेब म्हणाले, या कागदात जमिनीचा विषयच नाही, मग तो लिहायचा कशाला?

"पावणं, तुमच्या डोक्यात न्हाई, बायकांच्या डोक्यात हाय. म्हणून लिवा की."

दोन बैठका वाद चालला. मंजुरीसाठी कागद वर गेला, परत आला. शेवटी पहिल्याच पानावर ठळक छापलं: या कागदाचा घर, जमीन, वाटणीशी संबंध नाही. नाही म्हटलं तरी गोळ्या मिळतील. वाक्यं माझी होती, एक शब्दही बदलला नव्हता. शाईचं पॅडही कपाटात गेलं. आधी कागद वाचून दाखवायचा, मग पॅड काढायचं.

निरोप दिल्यावर हुपरीची ती बाई आली. व्हरांड्यातल्या बाकावर मी सहाही पानं तिला वाचून दाखवली. माझं वाचन सावकाश, तासभर लागला. जमिनीचं वाक्य तिनं तीनदा वाचायला लावलं. मग आत जाऊन डॉक्टरीणबाईंसमोर उभी राहिली.

"मला न्हाई यायचं तुमच्या तपासणीत. गोळ्या द्या."

बाईंचा चेहरा पडला. माझा मात्र ऊर भरून आला. त्या कागदाला तोंडावर नाही म्हणणारी ती पहिली बाई होती. बाईंनी वहीत 'नकार' लिहिलं आणि महिन्याच्या गोळ्या तिच्या हातात ठेवल्या. त्यानंतर तिचा एकही महिना चुकला नाही.